कोपऱ्यातलं रिकामं टेबल

"मावशी, तिथं नको बसूस," भाच्यानं माझं कोपर धरून मला थांबवलं.

पबमध्ये माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात मात्र एक अख्खं टेबल, मागचं बाक आणि चार-पाच स्टुलं मोकळी. दिवसभर कड्यांवर चालून माझे पाय भरून आले होते. टेबलावर एक लहानशी पाटी होती, 'वादकांसाठी राखीव' अशी. ती मी वाचलीच नव्हती.

"साडेनऊला येतील ते. आपण त्या भिंतीशी उभं राहू. तिथून बोटं दिसतात."

बोटं दिसतात म्हणून जागा निवडणारा हा मुलगा लहानपणी आमच्याकडे गुरुवारच्या भजनाला पेंगत बसायचा. आता तो गॉलवेला शिकतो. आयर्लंडला यायचं ठरलं तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की मला एक रात्र तिथलं गाणं-वाजवणं ऐकायचंय, तिकीट काढून खुर्चीत बसून नव्हे, जिथं ते रोज होतं तिथं. त्यानं गॉलवेहून साडेतीनशे नंबरच्या बसमध्ये बसवलं आणि बरेनच्या उघड्या खडकाळ टेकड्यांना वळसा घालत डूलिनला आणलं. डूलिन हे क्लेअर काउंटीतलं अटलांटिकच्या काठचं गाव. जवळच मोहरचे कडे आहेत, सगळ्यात उंच जागी २१४ मीटर. दिवसा लोक ते बघायला येतात. संध्याकाळी मात्र गावाचं नाव निघतं ते तिथल्या तीन-चार पबमधल्या संगीतासाठी.

जून महिना होता. नऊ वाजून गेले तरी खिडकीतून ऊन येत होतं. शेकोटीत टर्फ जळत होतं. टर्फ म्हणजे दलदलीतून विटेसारखी कापून वाळवलेली माती. रचलेला ढीग लांबून गोवऱ्यांसारखा दिसतो, आणि धुराचा वास एकदा कपड्यात बसला की दोन दिवस जात नाही. मला तो फार आवडला.

इथं कुणी टेबलापाशी येऊन 'काय हवं' असं विचारत नाही. आपण काउंटरशी जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, आपला पेला आपण घेऊन यायचा. 'ग्लास' मागितला की अर्धा पाइंट मिळतो. भाच्यानं स्वतःला पाइंट सांगितला आणि मला ग्लास. बारमागच्या माणसानं पेला तिरका धरून पाऊणभर गिनेस भरली आणि तो तसाच बाजूला ठेवून दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे वळला. मला वाटलं, विसरला. पण ती पद्धतच आहे. आत तपकिरी ढग खाली खाली उतरत जातात, वर सायीसारखा फेस धरतो, मग उरलेली भर घालायची. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांत कुणीही चुळबुळ करत नाही. मी त्या एका ग्लासावर अख्खी रात्र काढली.

पहिली आली ती एक पन्नाशीची बाई. तिनं सहा बाजूंची लाकडी डबी उघडून कॉन्सर्टिना काढली. दोन तळव्यांत मावेल एवढी पेटी, मध्ये भाता, दोन्ही बाजूंना बटणं. इथं वाजवतात त्या प्रकारात एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा, म्हणजे बोटांइतकंच लक्ष हातांच्या श्वासावर ठेवावं लागतं. क्लेअर या वाद्यासाठी नावाजलेलं आहे आणि पूर्वी ते इथं बायकांचं वाद्य मानलं जायचं. तिच्यामागून फिडल घेऊन एक तरुण आला. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण तसं म्हटलेलं त्यांना रुचत नाही. मग काळ्या लाकडाची बासरी तीन तुकड्यांतून जोडत एक उंच गृहस्थ बसले. माइक नव्हता, मंच नव्हता. पबवाला यातल्या दोघा-तिघांना पैसे देऊन बोलावतो, म्हणजे कोपरा रिकामा राहत नाही. बाकीचे आपणहून येतात, अशी माहिती भाच्यानं दिली.

सुरुवात झाली हे कुणी सांगितलंच नाही. फिडलवाला काहीतरी हसून बोलत होता, बोलता बोलता कॉन्सर्टिनावाल्या बाईंनी एक ओळ वाजवली, एकट्यानं, अगदी हळू. दुसऱ्या ओळीला बासरीवाल्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना धून ओळखू आली, आणि ते आत शिरले. त्यांच्यामागून फिडल. कुणाच्याही समोर कागद नव्हता.

माझे वडील तबला वाजवायचे, त्यामुळे बोटं आपोआप मात्रा मोजायला लागली. सहा. धा धिन् ना, धा तिन् ना. याला ते जिग म्हणतात. मात्रा दादऱ्याच्या असल्या तरी वजन दादऱ्याचं नाही, हे मला थोड्या वेळानं कळलं. दादरा डुलतो, जिग टाच उचलते. पाठोपाठ रील आली, ती चार-चारच्या अंगानं धावणारी, केरव्यासारखी मोजता येते, पण दम खायला जागाच नाही. मधेच एक धून लागली ती नऊ मात्रांची निघाली आणि माझी बोटं अडखळली. तिला स्लिप जिग म्हणतात.

दहा-पंधरा मिनिटांत धुनेची घडण हाताशी आली. आठ मापांचा, म्हणजे ठेक्याच्या आठ फेऱ्यांचा, एक भाग, तो दोनदा. मग आठ मापांचा दुसरा, तोही दोनदा. पहिला बहुधा खालच्या सुरांत, दुसरा वर चढणारा, आपल्या अस्थायी-अंतऱ्यासारखा. बत्तीस मापांत आवर्तन पुरं. असं साधारण तीनदा झालं की सुरू करणारा नुसती भुवई उचलतो, कुणीतरी 'हप्!' असं ओरडतं, आणि न थांबता सगळे दुसऱ्याच धुनेत उडी घेतात. त्या उडीच्या क्षणाला मूळ सूरही बदलतो बऱ्याचदा. अंगावर काटा येतो तो तिथं. पुढे काय येणार ते मला माहीत नव्हतं, त्यांना भुवईवरून कळत होतं.

आणि सगळे एकच धून वाजवत होते. कुणी स्वर धरून मागे साथीला राहिलं नव्हतं, कुणी पुढे येऊन एकट्यानं तान घेत नव्हतं. ओळ एकच, पण बासरीवाले जिथं एक लहानसा कण लावायचे तिथं फिडलवाला सूर सगळ्या बाजूंनी वळसा घालून दाखवायचा. त्याला ते रोल म्हणतात. कॉन्सर्टिना त्याच जागी नुसती ठाम उभी. तिघांच्या तीन हरकती एकमेकींना कुठंही टोचत नव्हत्या.

मला एकच गोष्ट आधी खुपली. वादक गोल बसले होते, म्हणजे निम्म्यांची पाठ आमच्याकडे. अशी जोडलेल्या धुनांची एक माळ संपली की ते पेले उचलून आपसात बोलायला लागायचे. आमच्याकडे कुणी बघायचं नाही, पुढे काय वाजवणार ते सांगायचं नाही. एवढ्या लांबून आलो आणि ही माणसं आपल्याला विचारतही नाहीत, असं मनात आलं. मग आमच्या घरचा गुरुवार आठवला. भजनी मंडळ गोल बसायचं, मधे समई, टाळ एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाजायचे. आम्ही पोरं उंबऱ्यावर. त्यांनी कधी आमच्याकडे वळून बघितल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं कधी वाईट वाटल्याचंही आठवत नाही. ते आमच्यासाठी गात नव्हते, पण आम्ही तिथं होतो हे त्यांना माहीत होतं. इथंही तसंच होतं. त्यानंतर मी त्या पाठींकडे तोंड करून निवांत उभी राहिले.

पहिल्या रीलला मीही टाळ्या धरल्या होत्या, हे सांगायला हवं. आजूबाजूचे धरत होते, मलाही राहवलं नाही. बासरीवाल्यांनी डोळे उघडून एकदा माझ्या दिशेनं बघितलं आणि पुन्हा मिटले. त्यात राग नव्हता. पण मला उमगलं. पन्नास माणसांची टाळी कधीच एका जागी पडत नाही, ती थोडी पुढे पळते, आणि लय तिच्यामागे ओढली जाते. तबलजीच्या घरात वाढलेल्या मला हे सांगावं लागू नये. मी हात पेल्याभोवती गुंडाळून घेतले. नंतर एक मोठा घोळका आला, तो टेबलावर मुठी आपटून ठेका देऊ लागला, तेव्हा फिडलवाल्यानं धून अर्ध्यावर सोडून फिडल मांडीवर ठेवलेलं मी बघितलं. घोळक्याला कळलंही नाही. मला फार लागलं ते. तो मुलगा पुढची दहा मिनिटं वाजवायला तयार नव्हता.

पावणेदहाला एक बाप आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिच्या हातात टिन व्हिसल, पत्र्याची, सहा भोकांची, शाळेच्या दप्तरात मावणारी. कॉन्सर्टिनावाल्या बाईंनी आपलं स्टूल सरकवून तिला शेजारी जागा दिली आणि काहीतरी कानात विचारलं. मुलीनं मान हलवली. मग ती एकटीनं सुरू झाली. एक जिग, बरीच सावकाश. मघापासून वाऱ्यासारखे वाजवणारे ते तिघं जण तिच्या लयीवर उतरले. कुणी तिला पुढे ढकललं नाही. दुसऱ्या आवर्तनात तिची एक ओळ चुकली, ती थांबली, बाकीचे थांबले नाहीत, आणि पुढच्या भागाच्या तोंडाशी तिनं पुन्हा धून पकडली. बासरीवाल्यांनी बासरी ओठांवर असतानाच डोळ्यांनी तिला शाबासकी दिली. दहाच्या ठोक्याला बापानं तिला उठवलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना उन्हाळ्यात रात्री दहानंतर पबमध्ये थांबता येत नाही, कायदाच आहे, एरवी नऊलाच. दारातून ती मागे मागे बघत गेली. बाहेर अजून उजेड होता.

माझ्या शेजारी भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोक्यावर कापडी टोपी, समोर चहा. मी मात्रा मोजताना त्यांनी माझी बोटं पाहिली असावीत. "तुम्ही काय वाजवता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, वडील वाजवायचे. "मग तुम्हीही वाजवता," ते म्हणाले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

पुढचा अर्धा तास माळांच्या मधल्या वेळात मी त्यांचंच ऐकत होते. मी समजत होते की पबमध्ये बसून असं वाजवणं शेकडो वर्षांचं असेल. तसं नाही. हे सगळं घरांतलं होतं. स्वयंपाकघरात चुलीपुढची जागा मोकळी करायची, शेजारीपाजारी जमायचे, एक फिडलवाला असला की रात्रभर नाच. १९३५ साली सरकारनं सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा केला, चर्चचाही त्या घरच्या नाचांवर राग होताच, आणि घराघरांतले जमाव पकडले जाऊ लागले. नाच हॉलमध्ये गेला, जुने वादक घरीच राहिले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं कामधंद्याला लंडनला गेली. परक्या शहरात एका खोलीत चार-चार जण राहायचे, वाजवायला जागा कुठली? तेव्हा पबच्या कोपऱ्यात बसून वाजवायची रीत तिथं रुजली आणि तिथून ती मायदेशी आली. "घर नव्हतं म्हणून हे टेबल आलं," म्हातारबाबा म्हणाले.

त्यांच्या तरुणपणी या गावात तीन रसेल बंधू होते. थोरला १९१५ सालचा, टिन व्हिसल वाजवायचा. मधला बासरी, धाकटा कॉन्सर्टिना. शेतीभाती करणारी माणसं. त्यांना ऐकायला लोक सायकलवरून, पायी, पुढे पुढे तर जर्मनीतून यायला लागले. थोरले रसेल १९९४ साली गेले. "त्यांच्या व्हिसलमध्ये फार सूर नसायचे," म्हातारबाबा म्हणाले. "मोजकेच. पण एकही काढून टाकता यायचा नाही." मग त्यांनी आढ्याकडे बोट दाखवलं. २००४ च्या मार्चपर्यंत तिथं धुराचा ढग असायचा. कामाच्या सगळ्या जागी देशभर धूम्रपान बंद करणारा आयर्लंड हा पहिलाच देश. "बासरीवाले सगळ्यात जास्त खूश झाले."

साडेदहाला पायपर आला. उशिरा येऊनही त्याच्यासाठी जागा आपोआप झाली. त्यानं जे वाद्य पेटीतून काढून अंगावर चढवलं ते बघायला मी चक्क दोन पावलं पुढे गेले. इलिन पाइप्स. उजव्या कोपराखाली पट्ट्यानं बांधलेला भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी, मांडीवर आडव्या नळ्या, आणि हातात सुरांची नळी. तोंड कशालाच लागत नाही. उजवं कोपर भाता भरतं, डावं पिशवी दाबतं, दोन्ही हातांची बोटं धून वाजवतात, आणि मधूनच मनगटाची कड आडव्या नळ्यांच्या कळांवर पडली की खाली जुळणारे सूर उमटतात. गुडघ्यावर चामड्याचा एक तुकडा होता. सुरांच्या नळीचं तोंड त्यावर टेकवून तो बंद करायचा आणि उचलून मोकळा करायचा. म्हणजे दोन कोपरं, दहा बोटं, एक मनगट, एक गुडघा, आणि तोंड मोकळं असल्यामुळे हा माणूस वाजवता वाजवता शेजाऱ्याला पावसाचं विचारत होता! त्यांच्यात म्हणतात की सात वर्षं शिकायचं, सात वर्षं सराव करायचा, सात वर्षं वाजवायचं, तेव्हा पायपर होतो. २०१७ मध्ये युनेस्कोनं या वादनाचा मानवजातीच्या वारशाच्या यादीत समावेश केला. त्या पिशवीतून निघणारा अखंड खर्ज माझ्या पायाखालच्या फळ्यांतून अंगात चढत होता. तानपुरा मांडीला लागतो तेव्हा असंच होतं.

त्यानं एक संथ धून घेतली. या धुना नाचाच्या नसतात, त्यांना ठेका नसतो, नुसता सूर खेचत न्यायचा. बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवली. पण इतकं चांगलं वाजत असतानाही काउंटरशी बोलणं चालूच होतं. पबमध्ये ते चालतंच, वादक त्यावरून वाजवायला सरावलेले असतात.

गाण्याला मात्र चालत नाही.

अकराच्या सुमारास म्हातारबाबांनी एका नाण्यानं कपावर तीनदा वाजवलं आणि बारमागच्या माणसानं मोठ्यानं एकच आयरिश शब्द उच्चारला. शांतता. त्यानं कॉफीचं यंत्र बंद केलं, हातातला पेला फडक्यासकट तसाच धरून ठेवला. मघाचा घोळका बोलतच होता. बारमागचा माणूस बाहेर आला आणि त्यांच्याशेजारी नुसता उभा राहिला. ते गप्प झाले.

दाराजवळ एक म्हाताऱ्या बाई कोट घालूनच बसल्या होत्या. मी त्यांना गिऱ्हाईक समजत होते. खाडीपलीकडच्या कॉनेमाराच्या, आयरिश ज्यांची घरची भाषा आहे अशा. त्यांनी डोळे मिटले, मान किंचित भिंतीकडे वळवली आणि गायला लागल्या. साथ काहीच नाही. याला शॅन-नोस म्हणतात, जुनी रीत. आवाज मोठा नव्हता, गोडही म्हणता येणार नाही, वयानं कड आलेला. पण एकेका शब्दाभोवती त्या इतक्या बारीक मुरक्या घेत होत्या की आपल्याकडे गाणाऱ्यानंही कान टवकारावेत. शब्द एक कळत नव्हता. कुणीतरी दूर गेलंय एवढं कळत होतं.

दुसऱ्या कडव्याला शेजारच्या बाईनं पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि गोल गोल फिरवायला लागली. सावकाश, गाण्याच्या वजनानं. दोन हात एकमेकांत, मधे हवेतलं एक वर्तुळ. दोघीजणी एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

माझ्या घशात एकदम दाटून आलं. हे मी पाहिलं होतं. आमच्या आजोळी पहाटे, चिमणीच्या उजेडात, जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात, आजीचा आणि चुलत आजीचा. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं नुसता हात द्यायचा. मी मांडीवर डोकं ठेवून निजलेली असायची आणि मांडी त्या फिरण्याबरोबर हलत राहायची.

बाईंनी गाणं संपवताना शेवटचे दोन शब्द गायलेच नाहीत, बोलल्या. साध्या बोलण्यासारखे. तसाच प्रघात आहे म्हणे. त्यानंतर गाणारा पुन्हा आपल्यातला होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत लगेच. दोन-चार जणांनी हलक्या आवाजात त्यांचं नाव घेतलं, तेवढंच.

आता एक रीत अशी आहे की गाणाऱ्यानं पुढचा गाणारा सांगायचा. त्याला नोबल कॉल म्हणतात. बाईंनी डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हातारबाबांशी काहीतरी बोलल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मावशी," भाचा कुजबुजला, "नाही म्हणालीस तरी चालतं. कुणी आग्रह करत नाही."

मला नाही म्हणायचं नव्हतं. मी कधी चारचौघांत गायलेली नाही. पण ओव्या चारचौघांत गायच्या नसतातच, त्या जात्याशी गायच्या असतात, आणि जातं आत्ताच तिथं फिरून गेलं होतं. मी एवढंच सांगितलं, की आमच्याकडे बायका पहाटे दळताना हे म्हणायच्या, माझी आजी म्हणायची, आणि तिला लिहिता येत नव्हतं. मग स्टुलावर बसले आणि डोळे मिटले.

माहेरच्या वाटेची ओवी होती. पहिली ओळ थरथरतच निघाली. खोली गप्प होती, टर्फ फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. दुसऱ्या ओळीला कुणीतरी माझा हात धरला. जाड, खरखरीत तळवा. हात फिरायला लागला आणि माझा आवाज आपसूक त्या फिरण्यावर येऊन बसला, जसा आजीचा बसायचा. ओवी मुळात एवढीशीच असते, दीड-दोन ओळींची; एक झाली की दुसरी सुचते. मला चार आठवल्या. पाचवी अर्धीच आठवत होती, ती मी तिथंच सोडली, आणि का कोण जाणे, शेवटचे शब्द मीही बोलून टाकले.

डोळे उघडले तर हात म्हातारबाबांच्या हातात होता. कोपऱ्यातून कॉन्सर्टिनावाल्या बाई स्टुलावरून पूर्ण वळून माझ्याकडे बघत होत्या. त्या रात्री त्यांची पाठ पहिल्यांदाच टेबलाकडे गेली होती.

भाचा काही बोलला नाही. त्यानं नुसतं माझ्या पाठीवर हात ठेवला.

शेवटची माळ झाली ती सगळ्यात वेगवान होती, चार वाद्यं आणि एक बाउरान, ती बकऱ्याच्या कातड्याची चपटी डफासारखी, दोन टोकांच्या छोट्या काठीनं वाजवायची. गुरुवार असल्यामुळे साडेअकराला पेले भरायचे थांबले. मग उरलेलं संपवायला अर्धा तास. कायद्यानं ठरलेली वेळ. दिवे पूर्ण लागले, स्टुलं टेबलांवर उलटी चढायला लागली. फिडलवाला तारा पुसत होता. मी त्याला सांगितलं, मघाशी मीही टाळ्या वाजवल्या होत्या. तो म्हणाला, "पण थांबलात." आणि पेटी बंद केली.

म्हातारबाबा दारापर्यंत आले. बाहेर बारीक पाऊस होता आणि आकाश उत्तरेला अजून फिकट. त्यांनी विचारलं, तो दगड केवढा असतो? मी हातांनी दाखवला. वरची तळी, खालची तळी, मधे भोक, दाणे कुठून टाकायचे, पीठ कुठून पडतं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"आम्ही त्याला ब्रो म्हणायचो," ते म्हणाले. त्यांच्या आजीच्या घरची वरची तळी अजून अंगणात दाराशी पडलेली आहे. मधल्या भोकात माती भरलीय आणि तिथं दरवर्षी गवत उगवतं. नात तिच्यावर उभी राहून बूट चढवते.

"उद्या धुऊन ठेवतो," म्हणाले, टोपी नीट केली आणि पावसात चालू लागले.